राखीव खेळाडू, ट्रान्स्फर पोर्टल आणि संघबांधणी: अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की माझ्याकडे दर वर्षी तेच प्रश्न येतात. काही भारतातून येतात, पहाटे उठून मार्च मॅडनेस, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय बाद फेरी स्पर्धा, बघणाऱ्यांकडून. काही इथल्या मराठी आईवडिलांचे असतात, ज्यांची मुलं शाळेच्या संघात खेळतात आणि कॉलेजची स्वप्नं बघतात. मी ओहायोतल्या डेटनला राहतो. या गावात हिवाळाभर बास्केटबॉलशिवाय दुसरा विषय नसतो, आणि माझा जीव पहिल्यापासून बाकावरच्या मुलांमध्ये अडकलेला. म्हणून या प्रश्नांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

सगळी उत्तरं एनसीएएच्या (कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी संस्था) डिव्हिजन वन, म्हणजे सर्वात वरच्या स्तरातल्या, पुरुष गटाला धरून आहेत. नियम २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचे आहेत.

१. राखीव खेळाडू म्हणजे नेमका कोण? पहिल्या पाचात नाही तो राखीव, एवढंच ना?

व्याख्या तेवढीच, पण त्यावरून चित्र उभं राहत नाही. क्रिकेटमधला बारावा खेळाडू डोक्यात ठेवून बास्केटबॉलचा बाक बघितला तर गल्लत होते. इथे बदली कितीही वेळा करता येते. बाहेर गेलेला खेळाडू दोन मिनिटांत परत आत येतो.

हिशेब मिनिटांचा करा. सामना ४० मिनिटांचा आणि मैदानावर पाच जण, म्हणजे प्रशिक्षकाकडे वाटायला २०० मिनिटं असतात. पहिल्या पाचांना प्रत्येकी ३० दिली तर १५० गेली. उरली ५०. त्यातली २० सहाव्याला, १५ सातव्याला, १० आठव्याला आणि ५ नवव्याला. पन्नास संपली. दहाव्यापासून पंधराव्यापर्यंतचे सहा जण सराव करतात, वेटरूममध्ये घाम गाळतात, विमानातून संघाबरोबर फिरतात, आणि सामना हातातून निसटला किंवा खिशात पडला तरच कोर्टवर येतात.

म्हणजे ‘राखीव’ या एका शब्दात दोन वेगळी माणसं आहेत. सहावा-सातवा हा संघाचा कणा असतो. जवळपास सगळ्या मोठ्या कॉन्फरन्स (आपसात साखळी सामने खेळणारे कॉलेजांचे गट) ‘सिक्स्थ मॅन ऑफ द इयर’ हा पुरस्कार देतात, तो यांच्यासाठी. बाराव्याची गोष्ट निराळी. पुढचं सगळं वाचताना आपण यातल्या कोणाबद्दल बोलतोय हे ध्यानात ठेवा.

२. ट्रान्स्फर पोर्टल ही वेबसाइट आहे का? आम्हाला बघता येते का?

नाही. ती कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची अंतर्गत नोंदवही आहे. कॉलेजांचे प्रशिक्षक आणि नियमपालन कार्यालयं ती उघडू शकतात, तुम्ही-मी नाही. आपल्यापर्यंत येतात ती नावं पत्रकारांनी मिळवलेली किंवा खेळाडूने स्वतः जाहीर केलेली असतात.

पोर्टल १५ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झालं. त्याआधी खेळाडूला दुसऱ्या कॉलेजशी बोलायला आपल्याच कॉलेजची परवानगी लागायची, आणि प्रशिक्षक ‘अमुक कॉलेजांशी बोलायचं नाही’ अशी यादी काढू शकायचा. आता खेळाडू लेखी कळवतो आणि कॉलेजला दोन कामकाजी दिवसांत त्याचं नाव पोर्टलमध्ये घालावंच लागतं. एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला ज्याच्यापासून दूर जायचंय त्याच्याचकडे परवानगी मागायला लावणं मला कधीच पटलं नव्हतं. पोर्टलबद्दल तक्रारी पुष्कळ आहेत, पण ही एक गोष्ट त्याने चांगली केली.

३. पूर्वी कॉलेज बदललं की एक वर्ष बसावं लागायचं. तो नियम गेला का?

गेला, पण टप्प्याटप्प्याने. पूर्वी बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदलणाऱ्याला साधारणपणे एक हंगाम बाहेर बसावं लागे. सराव करायचा, सामना नाही. एप्रिल २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती ही अट काढली. दुसऱ्यांदा बदललं तर पदवी झालेली असावी लागे किंवा खास सवलत मागावी लागे.

त्या सवलतींवरून २०२३ मध्ये ठिणगी पडली. वॉशिंग्टन, मग मोंटाना स्टेट आणि मग वेस्ट व्हर्जिनिया असा प्रवास केलेल्या रेक्वान बॅटलला एनसीएएने सवलत नाकारली. ओहायोसह अनेक राज्यं कोर्टात गेली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल न्यायाधीशांनी नियमाला तात्पुरती स्थगिती दिली आणि बॅटल त्याच महिन्यात कोर्टवर उतरला. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने स्वतःच नियम बदलला. आता अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा बदला, लगेच खेळा. या अभ्यासाच्या अटी दिसतात तितक्या सोप्या नाहीत, त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

४. पोर्टल वर्षभर उघडं असतं का?

नाही, ठरावीक खिडकी असते आणि ती लहान होत चालली आहे. २०२३ मध्ये ६० दिवस होते, २०२४ मध्ये ४५, २०२५ मध्ये ३० (२४ मार्च ते २२ एप्रिल).

इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो. खिडकी फक्त नाव घालण्यापुरती आहे. नवं कॉलेज त्यानंतर निवडलं तरी चालतं. म्हणून मे-जूनमध्येही ‘अमुक खेळाडू तमुक कॉलेजात’ अशा बातम्या येत राहतात. मुख्य प्रशिक्षक गेला तर त्या संघातल्या मुलांसाठी वेगळी खिडकी उघडते.

५. नाव घातलं आणि कुणीच बोलावलं नाही तर?

हा प्रश्न सगळ्यात कमी लोक विचारतात, आणि तोच आधी विचारायला हवा.

नाव पोर्टलमध्ये गेलं की जुन्या कॉलेजला सत्र संपल्यावर शिष्यवृत्ती थांबवायची मुभा मिळते. नाव मागे घेता येतं, पण जुन्या प्रशिक्षकाने जागा ठेवली असेल तरच त्याला अर्थ. बहुतेक वेळा ती भरलेली असते. २०२५ च्या वसंतात दोन हजारांहून जास्त पुरुष खेळाडू पोर्टलमध्ये होते. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून थोडी जास्त कॉलेजं. शिवाय त्याच जागांसाठी हायस्कूलमधून येणारी, परदेशातून येणारी आणि दोन वर्षांच्या कॉलेजांतून येणारी मुलं आहेतच.

हा संगीत खुर्चीचा खेळ आहे आणि खुर्च्या कमीच आहेत. सरासरी १५ गुणांच्या खेळाडूला बसायला जागा मिळते. सरासरी दीड गुण आणि सहा मिनिटं असलेल्याला कधी डिव्हिजन टू, कधी फी भरून वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवाय संघात असणारा), आणि कधी काहीच नाही. कोणी खेळाडू पोर्टलमध्ये गेला की मी आधी मिनिटं बघतो, ती याचसाठी.

६. बाकावरची मुलं इतक्या लवकर का निघून जातात? धीर नाही का?

‘आजकालच्या मुलांना धीर नाही’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. मला ते अर्धंच खरं वाटतं.

पूर्वी पहिल्या वर्षी बाकावर बसलेल्या मुलाला एक न बोललेला शब्द दिलेला असायचा. तुझ्यापुढचा सीनियर पुढच्या वर्षी जाईल, मग तुझा नंबर. आज सीनियर गेला की प्रशिक्षक ती जागा भरायला पोर्टलमधून २३ वर्षांचा, शंभर सामने खेळलेला गार्ड (चेंडू हाताळणारा खेळाडू) आणतो. म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या मुलाच्या पुढे दुसराच येऊन उभा राहतो. त्याने रांग सोडली तर दोष एकट्या त्याचा कसा?

पण थांबल्याने फळलेलीही उदाहरणं आहेत, आणि ती लहान नाहीत. डोनोव्हन क्लिंगन २०२२-२३ मध्ये यूकॉनच्या (कनेक्टिकट विद्यापीठाच्या) बाकावर होता. पुढे अडामा सनोगो होता, त्यामुळे क्लिंगनला सामन्यामागे साधारण १३ मिनिटं मिळायची. संघ विजेता ठरला, सनोगो व्यावसायिक झाला, क्लिंगन थांबला. पुढच्या वर्षी तोच पहिल्या पाचातला सेंटर (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू), पुन्हा विजेतेपद, आणि २०२४ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, सातवा क्रमांक. फ्लोरिडाचा थॉमस हॉ २०२४-२५ मध्ये बाकावरून यायचा. टेक्सस टेकविरुद्धच्या एलीट एटमध्ये (शेवटच्या आठ संघांची फेरी), हरलेला वाटणारा सामना वळवताना त्याने २० गुण आणि ११ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) घेतले. फ्लोरिडा त्या वर्षी विजेता झाला आणि हॉ तिथेच राहिला.

क्लिंगनच्या बाबतीत एक गोष्ट स्पष्ट होती. त्याच्या पुढचा माणूस जाणार हे सगळ्यांना दिसत होतं, आणि त्या १३ मिनिटांत तो कोर्टवर काय करतो हेही दिसत होतं. हे दोन्ही दिसत असेल तर थांबावं. यातलं एकही दिसत नसेल तर थांबण्याला मी धीर म्हणणार नाही.

७. बदलून गेला आणि तिथेही बाकावरच बसला, असं होतं का?

होतं, आणि ते नेहमी वाईट नसतं. ऊमर बालो २०२०-२१ मध्ये गोंझागाचा राखीव सेंटर होता. तिथले सहायक प्रशिक्षक टॉमी लॉइड अ‍ॅरिझोनाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि बालो त्यांच्यामागून गेला. तिथे ख्रिश्चन कोलोको होता, म्हणून आणखी एक वर्ष बाक. कोलोको गेल्यावर मात्र बालो कॉन्फरन्सच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या संघात, तेही सलग दोन हंगाम. तो ओळखीच्या माणसाकडे गेला होता, हे या गोष्टीत महत्त्वाचं. आपल्याला वर्षानुवर्षं बघितलेला प्रशिक्षक आणि व्हिडिओ बघून फोन करणारा प्रशिक्षक यांच्या शब्दात फरक असतो.

८. मोठ्या कॉलेजच्या बाकावरून छोट्या कॉलेजात जाणं म्हणजे पायरी उतरणं नाही का?

नावाने उतरणं, खेळाने नाही. मलिक थॉमस यूएससीत (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) बाकावर असायचा. सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथे संघाचा मुख्य स्कोअरर झाला, आणि २०२५ मध्ये व्हर्जिनियाने त्याला घेतलं. छोट्या कॉलेजात त्याच्या हातात चेंडू होता. अवघड शॉट चुकला तरी पुढचा शॉट त्याचाच. यूएससीत पहिला चुकला की बाक. ज्याला चुकायची मुभा नाही त्याचा खेळ वाढणार कसा?

तोलामोलाच्या ठिकाणी जाऊन बहरल्याचं उदाहरण डेव्हियन मिचेलचं. २०१७-१८ मध्ये ऑबर्नचा राखीव गार्ड, सामन्यामागे चार गुणही नाहीत. बेलरला गेला, जुन्या नियमाने एक हंगाम बसला, आणि २०२१ मध्ये बेलरने गोंझागाला ८६-७० हरवलं तेव्हा तो देशातला सर्वोत्तम बचावपटू होता. ड्राफ्टमध्ये नववा.

९. आणि उलट? छोट्या कॉलेजातला स्टार मोठ्या ठिकाणी जाऊन बाकावर का बसतो?

कारण एखादं कौशल्य इतकं पक्कं असतं की ते वीस मिनिटांतही मोलाचं ठरतं. डंकन रॉबिन्सन डिव्हिजन थ्रीच्या विल्यम्स कॉलेजातून मिशिगनला आला, आणि २०१७-१८ मध्ये बिग टेन कॉन्फरन्सचा सर्वोत्तम सहावा खेळाडू ठरला. त्याच वर्षी मिशिगन अंतिम सामन्यात होतं. ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही, तरी पुढे तो एनबीए फायनल खेळला.

१०. राखीव खेळाडूचे आकडे कसे वाचायचे? १० मिनिटांत ४ गुण म्हणजे ४० मिनिटांत १६ धरायचे का?

धरू नका. हा गुणाकार सगळेच करतात आणि फसतात. ती १० मिनिटं बऱ्याचदा समोरच्या राखीवांविरुद्धची असतात, आणि त्यातली काही सामना २५ गुणांनी संपल्यात जमा झाल्यावरची. शिवाय ३० मिनिटं खेळायला दम लागतो, आणि फाउल पाचच मिळतात. दहा मिनिटांत दोन फाउल करणारा सेंटर ३० मिनिटं टिकणारच नाही.

मी काय बघतो ते सांगतो. फ्री थ्रोची टक्केवारी आधी, कारण त्या शॉटला कोणी अडवणारं नसतं आणि हात खरा किती चांगला हे तिथे कळतं. थ्री-पॉइंटरमध्ये (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) टक्केवारीइतकेच प्रयत्न बघावेत. ११ पैकी ५ म्हणजे ४५ टक्के, पण त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. मग आक्रमक रिबाउंड, म्हणजे आपल्याच संघाचा चुकलेला शॉट परत मिळवणं. ते मिनिटं कमी असली तरी खोटं बोलत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी एक गोष्ट जी एकाच सामन्याच्या बॉक्स स्कोअरमध्ये (आकड्यांच्या तक्त्यात) दिसत नाही, ती म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत कॉन्फरन्सचे सामने सुरू झाल्यावर मिनिटं वाढली की आटली. नोव्हेंबरच्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध १८ मिनिटं आणि फेब्रुवारीत ४, असा आलेख दिसला तर प्रशिक्षकाने उत्तर दिलेलं असतं.

११. पूर्ण संघ पोर्टलमधून उभा करता येतो का?

येतो. केंटकीने २०२४ मध्ये तो उभा केलेला सगळ्यांनी बघितला.

एप्रिल २०२४ मध्ये तिथले मुख्य प्रशिक्षक जॉन कॅलिपारी आर्कान्सॉला गेले. केंटकीच्या १९९६ च्या विजेत्या संघातले मार्क पोप बीवाययूहून (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. शिष्यवृत्तीवरचा एकही जुना खेळाडू परतला नाही. ज्या गावात बास्केटबॉल हा धर्म आहे तिथे कपाट रिकामं.

पोपनी जमवलेली मंडळी बघा. सॅन दिएगो स्टेटचा लॅमॉन्ट बटलर, ज्याने २०२३ च्या फायनल फोरमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, शेवटच्या क्षणी शॉट मारून संघाला अंतिम सामन्यात नेलं होतं. ड्रेक्सेलचा बचावासाठी ओळखला जाणारा सेंटर अमारी विल्यम्स. वेक फॉरेस्टचा अँड्रू कार, ओक्लाहोमाचा ओटेगा ओवे, ओक्लाहोमा स्टेटचा ब्रँडन गॅरिसन, वेस्ट व्हर्जिनियाचा कर क्रिसा. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात बोलकी निवड म्हणजे दोन राखीव खेळाडू. जॅक्सन रॉबिन्सन बीवाययूत पोपच्याच हाताखाली बिग ट्वेल्व्हचा सर्वोत्तम सहावा खेळाडू होता. केंटकी हे त्याचं चौथं कॉलेज. आणि आमच्या डेटनचा कोबी ब्रेया, अटलांटिक टेन कॉन्फरन्सचा दोनदा सर्वोत्तम सहावा खेळाडू.

ब्रेयाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण त्याला मी यूडी अरीनात (डेटन विद्यापीठाच्या स्टेडियमात) कितीतरी वेळा बघितलं. चार-पाच मिनिटं झाली की तो बाकावरून उठायचा, अंगावरचा सरावाचा शर्ट काढायचा आणि स्कोअरच्या टेबलापाशी जाऊन बसायचा. तेवढ्यानेच माझ्या रांगेतले लोक सरसावून बसायचे. भोंगा वाजला की आत. कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा, आणि समोरचा बचावपटू एक पाऊलही त्याच्यापासून हलायला धजावायचा नाही, त्यामुळे बाकीच्या चौघांना आत घुसायला मोकळी वाट मिळायची. त्याने शॉट न मारताही संघाचा खेळ सुधारायचा. २०२३-२४ मध्ये त्याची थ्री-पॉइंटरची टक्केवारी ४९.८ होती, देशात सर्वोच्च. असा खेळाडू पहिल्या पाचात नव्हता, म्हणून पोपनी त्याला कमी लेखलं नाही.

पुढे दुखापतींनी केंटकीला गाठलं. क्रिसाचा पाय, बटलरचा खांदा, रॉबिन्सनचं मनगट. तेव्हा ब्रेया पहिल्या पाचात आला, आणि ट्रॅव्हिस पेरी, ट्रेंट नोआ या पहिल्या वर्षाच्या मुलांना एरवी मिळाली नसती ती मिनिटं मिळाली. संघ स्वीट सिक्स्टीनपर्यंत (शेवटच्या सोळांत) गेला आणि टेनेसीकडून हरला. ब्रेयाला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये ४१ वा क्रमांक मिळाला. तो गेला याचं डेटनला वाईट वाटलं, मलाही. पण ड्राफ्टच्या रात्री त्याचं नाव ऐकल्यावर घरात टाळ्या वाजल्या.

१२. १५ जागा आहेत तर १५ चांगले खेळाडू घ्यावेत. यात अवघड काय?

प्रश्न १ मधला २०० मिनिटांचा हिशेब पुन्हा काढा. १५ जणांना प्रत्येकी २० मिनिटांचा शब्द दिला तर ३०० मिनिटं होतात. शंभर मिनिटं आणायची कुठून? जानेवारीत बिघडलेले बरेच संघ एप्रिलमध्ये दिलेल्या अशा शब्दांमुळेच बिघडलेले असतात.

चांगला प्रशिक्षक आधी उणीव शोधतो, नाव नंतर. चेंडू आणणारे दोन हवेत, कारण एकाला दुखापत होणारच. बास्केटखाली तीन मोठी माणसं हवीत, कारण एकाला फाउल लागणारच. बाकी कोणाला काय येतं ते एकमेकांना पूरक आहे का? पाचही जणांना चेंडू हातात हवा असेल तर चौघे नुसते बघत उभे राहतात. आणि अकरा ते पंधरा या जागांवर मला तर शिकायला तयार असलेली तरुण मुलं किंवा वॉक-ऑन दिसलेले आवडतात. दुसऱ्या कॉलेजात सरासरी १४ गुण मारून आलेल्या खेळाडूला तेराव्या जागेवर बसवलं तर ड्रेसिंग रूममध्ये रोज कुरबुर होते, आणि तिचा त्रास पहिल्या पाचांना होतो.

यूकॉनचा २०२४ चा विजेता संघ बघा. ट्रिस्टन न्यूटन ईस्ट कॅरोलिनाहून आलेला, कॅम स्पेन्सर लॉयोला मेरीलँड आणि रटगर्समार्गे आलेला. क्लिंगन आणि अ‍ॅलेक्स करबान घरचे. बाहेरचे दोघे नेमक्या रिकाम्या जागी बसले.

१३. शिष्यवृत्त्या १३ की १५? दोन्ही आकडे वाचनात येतात. आणि पैसे राखीवांनाही मिळतात का?

२०२४-२५ पर्यंत पुरुष बास्केटबॉलला १३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि त्यापलीकडे वॉक-ऑन. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून २०२५ ला हाउस खटल्यातली (खेळाडूंनी मोबदल्यासाठी एनसीएएवर केलेला खटला) तडजोड मंजूर केली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांना शिष्यवृत्तीची नाही तर संघातल्या खेळाडूंच्या संख्येची मर्यादा आहे, १५. पंधराही जणांना शिष्यवृत्ती देता येते. तडजोड न स्वीकारलेल्यांना जुनाच आकडा. आयव्ही लीगचा यात संबंध नाही, ती खेळाची शिष्यवृत्ती देतच नाही. एक अपवाद म्हणजे या मर्यादेमुळे ज्यांची जागा गेली असती अशा आधीच्या खेळाडूंना मोजणीबाहेर ठेवता येतं.

पैशाचं असं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूला आपलं नाव आणि चेहरा वापरून, म्हणजे एनआयएलमधून, कमाई करता येते. तडजोडीनंतर कॉलेजही थेट पैसे देऊ शकतं. २०२५-२६ साठी सगळे खेळ मिळून एका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. बाहेरचे ६०० डॉलर किंवा जास्तीचे करार तपासणीसाठी नोंदवावे लागतात. राखीवांना मिळतात, पण वाटप सारखं नसतं आणि आकडे बहुधा जाहीर होत नाहीत. ऐकीव आकड्यांवर जाऊ नका. करार किती काळाचा, मिनिटं मिळाली नाहीत तरी चालू राहतो का, आणि मध्येच कॉलेज सोडलं तर पैसे परत करायचे का, हे कागदावर वाचा.

१४. अभ्यासाच्या अटी खरंच आड येतात का?

येतात, आणि शांतपणे येतात. खेळायला पात्र राहायचं तर तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पदवीचा ४० टक्के अभ्यासक्रम पूर्ण लागतो, चौथ्याला ६०, पाचव्याला ८०. आता जुन्या कॉलेजातले १२ क्रेडिट नव्या कॉलेजने धरलेच नाहीत तर? मुलगा नापास झालेला नसतो, तरी टक्केवारी घसरते. मग उन्हाळ्यात वर्ग करा नाहीतर विषय बदला. दुसऱ्यांदा कॉलेज बदलणाऱ्याचे असे क्रेडिट दोनदा गळतात. होकार देण्याआधी क्रेडिटचं मूल्यांकन लेखी मागा. बोली आश्वासनावर जाऊ नका.

१५. जानेवारीत बदलून फेब्रुवारीत नव्या संघाकडून खेळता येतं का?

नाही. एका हंगामात दोन कॉलेजांकडून खेळता येत नाही. मध्ये जाऊन सराव करणारे असतात, सामना पुढच्या हंगामात.

१६. बाकावरच बसायचं तर रेडशर्ट का घेत नाहीत? वर्ष तरी वाचेल.

हिशेब बरोबर आहे. पाच वर्षांत चार हंगाम खेळायचे असतात, त्यामुळे एक वर्ष मुद्दाम न खेळता राखता येतं. पण बास्केटबॉलमध्ये अट कडक आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चार सामने खेळूनही रेडशर्ट टिकतो. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात एक मिनिट खेळलात तरी हंगाम मोजला जातो. म्हणून डिसेंबरात, ३० गुणांची आघाडी असताना, प्रशिक्षक बाकाच्या टोकाकडे बघून बोट दाखवतो तेव्हा त्या मुलाच्या अख्ख्या वर्षाचा निर्णय होत असतो. अशा वेळी मान हलवून नकार देणारा मुलगा मी बघितलाय. आजूबाजूच्या लोकांना ते उर्मटपणाचं वाटलं. मला ते शहाणपणाचं वाटलं.

दुखापत झाली तर वेगळी सोय आहे. ती हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झालेली असावी आणि ३० टक्क्यांहून जास्त सामने खेळलेले नसावेत, तर ते वर्ष परत मागता येतं.

१७. पोर्टल उघडायच्या आधीच सगळं ठरलेलं असतं असं म्हणतात. खरं का?

नियमाप्रमाणे नाव पोर्टलमध्ये येईपर्यंत दुसऱ्या प्रशिक्षकाने खेळाडूशी बोलायचं नाही. प्रत्यक्षात एजंट, जुने शाळेतले प्रशिक्षक, काका-मामा यांच्यामार्फत निरोप फिरतात, हे सगळे मान्य करतात. पोर्टलमध्ये ‘संपर्क करू नये’ अशी खूण करता येते, आणि पहिल्याच दिवशी ती खूण दिसली की कुठे जायचं ते ठरलंय असं बहुधा समजावं. बाराव्या क्रमांकाच्या मुलाला मात्र असा निरोप येत नाही. त्याने दुसऱ्याचं बघून उडी मारली तर प्रश्न ५ मधली वेळ येते.

१८. माझा भाचा भारतातून एफ-१ व्हिसावर आलाय आणि बाकावर आहे. त्याला कॉलेज बदलायचंय. काय वेगळं करावं लागतं?

दोन गोष्टी. पहिली, त्याची सेव्हिसमधली (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदप्रणाली) नोंद जुन्या कॉलेजने नव्या कॉलेजकडे पाठवावी लागते आणि नव्या कॉलेजचा आय-२० (विद्यार्थी व्हिसासाठीचं कॉलेजचं प्रमाणपत्र) हातात यावा लागतो. हे काम बास्केटबॉलचं ऑफिस करत नाही, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय करतं. दोन्हीकडच्या त्या ऑफिसांना स्वतः ईमेल करायला सांगा, आणि सुट्टीत भारतात यायचं असेल तर नोंद कधी हलणार ती तारीख आधी ठरवून घ्या.

दुसरी, पैसे. एफ-१ वर काम करून कमाई करण्यावर कडक बंधनं आहेत. सोबतच्या अमेरिकन मुलाने गाड्यांच्या दुकानाची जाहिरात केली म्हणून याने करू नये. कुठल्याही करारावर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवा. सीझन हातचा गेला तर पुढचा येतो, व्हिसा गेला तर परत मिळवणं फार अवघड.

१९. नव्या प्रशिक्षकाला फोनवर काय विचारावं?

‘मला किती मिनिटं मिळतील’ हे विचारू नका. उत्तर गोडच येणार. हे विचारा: माझ्या जागेवर आत्ता कोण आहे, आणि माझ्यानंतर आणखी कोणाला घेणार आहात का? गेल्या वर्षी सातवा-आठवा खेळाडू कोण होता आणि तो आज कुठे आहे? मी पहिल्या पाचात नसलो तर मला कशासाठी आत घ्याल? शेवटच्या प्रश्नावर प्रशिक्षकाने लगेच आणि नेमकं उत्तर दिलं, ‘त्यांच्या गार्डला अडवायला’, ‘कोपऱ्यातून शॉट मारायला’, तर त्याने तुमच्या मुलाचा खेळ बघितलाय. आणि जमलं तर त्या सातव्या-आठव्या खेळाडूला, तो आता जिथे असेल तिथे, स्वतः फोन करा.